पथारी कोणत्या हद्दींत?

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलें, कीं शहर संपलें असें वाटण्यापूर्वींच शेलार येतें. मागांचा खडखडाट दोहोंकडे सारखाच. २०११ च्या शिरगणतींत या गांवाची नोंद नगर म्हणून झाली; कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. या पट्ट्यांत दिवसपाळीचा कामगार उठला, कीं रात्रपाळीचा त्याच जागीं अंग टाकतो. ज्याचें काम गेलें, त्याची जागाहि गेली. खोलींत निजतो तोंवर शिरगणतीच्या लेखीं तो बेघर नसतो. बेघर होतो तो एखाद्या रात्रीं, आणि त्या रात्रीं मोजणारा तेथें नसतो. अशांची सोय कोणीं लावावयाची, हा प्रश्न मुंबईंत कसा उभा राहिला तें आधीं पाहूं.

१८८८ च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यांत ३१४ वें कलम आहे. पदपथावरील अडथळा आयुक्तांना सूचना न देतांहि काढतां येतो, असा त्याचा आशय. माणसाचा संसार हाहि अडथळाच, हें कायदा करणारांच्या मनांत होतें कीं नाहीं कोण जाणे! जुलै १९८१ मध्यें मात्र तोच अर्थ अमलांत आला. मुख्यमंत्री अंतुले यांनीं पदपथवासीयांना हटविण्याचें जाहीर केलें, ऐन पावसांत झोपड्या मोडल्या, आणि कित्येकांना गाड्यांत बसवून शहराबाहेर नेण्यांत आलें. पत्रकार ओल्गा टेलिस व इतर यांनीं न्यायालय गांठलें. १० जुलै १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं निकाल दिला. तो लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनीं. जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण जागा गेली कीं रोजगार जातो, हें त्यांत निःसंदिग्धपणें मांडलें गेलें. आणि तरीहि ३१४ वें कलम कायम राहिलें! सामान्यतः सूचना द्यावी, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावें, आणि १९७६ च्या गणनेचें ओळखपत्र ज्यांपाशीं आहे त्यांना दुसरी जागा द्यावी, एवढेंच पदरांत पडलें. ग्रंथांत विजय आणि पदपथावर पराजय, असा हा निकाल मला नेहमीं वाटत आला आहे.

ज्याची गणना झाली त्यालाच जागा, हें सूत्र ओळखणारी एक संस्था त्या वेळीं भायखळ्याच्या बाजूस काम करीत होती. तिचें नांव ‘स्पार्क’. १९८५ मध्येंच तिनें पदपथवासीयांना बरोबर घेऊन गणना केली. सुमारें ६,००० कुटुंबें, २७,००० माणसें भरलीं; आणि हे लोक बहुतांशीं मोलमजुरी करणारे आहेत, हेंहि कागदावर आलें. पालिकेच्या दफ्तरांत जें नव्हतें, तें वस्तीनें पुरविलें.

पुढें २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागें एक रात्रंदिवस उघडा निवारा असावा असें फर्माविलें, आणि २०१३ पासून केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानांत त्याची योजना झाली. इमारत पालिकेची, चालविणें स्वयंसेवी संस्थेकडे, खर्च केंद्र व राज्य यांचा. एका निवाऱ्यांत ५० ते १०० माणसें, दर माणशीं निदान ५० चौरस फूट. भिवंडीची वस्ती २०११ मध्यें सात लाखांवर होती, म्हणजे हिशेबानें सात निवारे. पण हा सारा हिशेब नागरी संस्थांचा. ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या कायद्यानें चालतो, आणि त्या योजनेंत तिला स्थान नव्हतें. शेलारचा कामगार शहराच्या मागाएवढाच माग चालवी. निवारा मात्र त्याच्या हद्दींत बसत नसे.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि माग थांबले. खोलीचें भाडें देणें अशक्य झालेले कित्येक कामगार नाशिकच्या महामार्गानें पायींच निघाले. मेच्या प्रारंभीं भिवंडी रोड स्थानकांतून गोरखपूरकडे श्रमिकांची आगगाडी सुटली. त्या फलाटावर पाठीवर बोचकीं घेऊन बसलेल्या रांगेंत शेलारचा कोण आणि शहरांतला कोण, हें पाहून ओळखतां येण्यासारखें नव्हतें.