डॉक्टरांची फियाट, तिसऱ्या मालकाची स्पोर्ट्स कार

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात एक लाल इटालियन मोटार आहे. नाव चिझितालिया 202. पिनिन फरिनाने तिचा पत्रा असा वळवला की पुढच्या बंपरपासून मागच्या दिव्यापर्यंत नजर कुठे अडत नाही. 1951 साली त्या संग्रहालयाने मोटारींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती. 1947 च्या मिल्ले मिलिया शर्यतीत तिची उघड्या टपाची बहीण ताझिओ नुव्होलारी चालवत होता. पन्नाशी उलटलेला, आजारी माणूस. त्याने भर पावसात पहिला नंबर जवळजवळ खेचला होता, पण इग्निशनमध्ये पाणी गेलं आणि तो दुसरा आला.

त्या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ही मापं मला पाठ आहेत, कारण माझ्या शेडमध्ये उभ्या असलेल्या 1968 च्या फियाट डिलाइटची मापंही तीच आहेत. दांते जाकोसा या फियाटच्या इंजिनिअरने 1937 साली आणलेल्या 1100 गाडीचं ते इंजिन. पुढे चिझितालियावाल्यांनी त्यालाच तालीम देऊन शर्यतीत उतरवलं, आणि फियाटने सुधारत सुधारत घरगुती गाडीत चालू ठेवलं. ते घरगुती इंजिन कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात पोचलं, तिथून मुंबईच्या टॅक्सीत आणि आमच्या सोलापूरच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात.

मी लेथवाला. यंत्रमागाचे बुश, शाफ्ट, पुली करण्यात आयुष्य गेलं. वडील गिरणीत जॉबर होते. आमच्यासारख्या घरातला माणूस स्पोर्ट्स कार विकत घेत नसतो. पण मी एक चालवतो, आणि ती कशी शक्य झाली याचा इतिहास या गावाशी बांधलेला आहे.

सुरुवात वालचंद हिराचंदांपासून करावी लागते. दोशी घराणं सोलापूरचं, सावकारी आणि कापसाच्या व्यापारातलं. वालचंदांचा जन्म इथलाच, 23 नोव्हेंबर 1882 चा. पेढीवर बसणं त्यांना मानवलं नाही. लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून ते बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटात शिरले, तिथून बोगदे, जहाजं, साखर. मोटार कारखान्याचा ध्यास त्यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस घेतला. सर विश्वेश्वरय्याही त्याच खटपटीत होते. 1939 मध्ये वालचंद त्याच कामाने अमेरिकेला गेले आणि विमानप्रवासात विल्यम पॉली नावाच्या विमानवाल्याशी ओळख झाली. त्यातून 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. ज्या मोटारीसाठी गेले होते तिला मात्र ब्रिटिश सरकारने युद्धकाळात हात दिला नाही. क्रायस्लरशी करार होऊनही प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला 1944 उजाडलं आणि पहिल्या गाड्या कुर्ल्यातून बाहेर पडायला 1947. त्या अमेरिकन होत्या, डॉज आणि प्लिमथ. मग फियाटशी जमलं. आधी छोटी 500, मग 1100. वालचंद 1953 मध्ये गेले. 1100 ची देशभर झालेली चलती त्यांना बघायला मिळाली नाही.

त्याच सुमारास सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे राहू नये, सुटे भाग इथेच घडवावेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. उरली मुख्यतः तीन नावं: कलकत्त्याची अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. गाडीची किंमत सरकार ठरवणार, किती बनवायच्या तेही सरकार ठरवणार. किमतीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. गाडी बुक केली की वर्षानुवर्षं वाट बघायची. याचा परिणाम असा झाला की ज्याच्याकडे गाडी हजर आहे त्याचा भाव नव्या गाडीपेक्षा जास्त. शोरूमच्या दाराशीच वरचे पैसे मोजून नंबर बदलायचा, त्याला ‘ऑन’ देणं म्हणत. सेकंडहँड म्हणजे कमी प्रतीचं, हा समज तेव्हा नव्हता. मध्यमवर्गाला सेकंडहँड हाच मोटारीचा खरा बाजार होता.

सोलापुरात या बाजाराला दुकान नव्हतं. गाड्या दवाखान्यांतून आणि वकिलांच्या ऑफिसांतून यायच्या. अँबॅसेडर कलेक्टर कचेरीची, फियाट डॉक्टरांची, अशी साधारण वाटणी. डॉक्टरांची गाडी म्हणजे सगळ्यात चांगला माल: एक हाती, रोजचा फेरा रेल्वे लाइन्स ते नवी पेठ एवढाच, ड्रायव्हर ठेवलेला, सर्व्हिसिंग वेळेवर. डॉक्टर नवीन गाडी घेणार अशी कुणकुण कंपाउंडरकडून लागायची आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं पेशंट बनून दवाखान्यात. माझी गाडी अशीच फिरत आली. डॉक्टरांकडून एका चादर कारखानदाराकडे, त्यांच्याकडून 1980 च्या दशकात माझ्याकडे. कारखानदारांना मी मागाचे सुटे भाग पुरवत होतो. उधारी थकली होती. ते म्हणाले, “मास्तर, पैसे सोडा, गाडी घ्या की.” घेतली.

घरच्यांचा अंदाज होता की मी ती साफ करून लग्नाकार्याला काढीन. मला मात्र शोलावरमने पछाडलं होतं. मद्रासजवळच्या त्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. आमच्या स्टेशनवरून मद्रासच्या गाड्या जातात, मी एकदा मित्रांबरोबर जाऊन बसलो. राजेरजवाड्यांच्या आणि उद्योगपतींच्या परदेशी गाड्या होत्याच, पण जमिनीला टेकल्यासारख्या, सायलेन्सर काढलेल्या आपल्या फियाटही होत्या. दारात उभी असते तीच गाडी असा आवाज काढू शकते, हे तिथे कळलं.

त्या काळी देशात स्पोर्ट्स कार विकायला नव्हतीच. आयात म्हणजे जकातीचा डोंगर. सान स्टॉर्म ही दोन आसनांची फायबरची गाडी आली ती 1998 च्या सुमारास, तीही रेनॉच्या 1149 सीसी इंजिनावर. दिलीप छाब्रियांची अवंती त्याहून कितीतरी नंतरची. प्रीमियरने 1985 मध्ये काढलेली 118 एनई, निसान इंजिनाची, गिअर खाली जमिनीवर, ती आमच्या गावातल्या पोरांना विमान वाटायची. हे सगळं येण्याआधी, आणि आल्यावरही, स्पोर्ट्स कार म्हणजे जुनी फियाट आणि तिला ‘हॉट अप’ करणारा मिस्त्री.

हॉट अप करायचं म्हणजे काय? इंजिनाचं हेड उतरवायचं, त्याची खालची बाजू मशीनवर घासून पातळ करायची, म्हणजे सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन वाढतं. पोर्ट हाताने घासून आरशासारखे करायचे, म्हणजे हवा अडखळत नाही. ऐपत असेल तर एका सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जागी दोन. सायलेन्सर मोकळा. स्टेअरिंगच्या कॉलमवरचा गिअर खाली आणायचा. चारचौघांत सांगायचे चाळीस हॉर्सपॉवर होते, त्यात थोडी भर पडायची. भर किती पडली हे मोजायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. मोहोळच्या अलीकडचा चढ ती कोणत्या गिअरमध्ये चढते यावर निकाल.

गंमत अशी की सोलापूरच्या उन्हाळ्याने आमच्या बऱ्याच फियाट मालकाने न सांगताच हॉट अप केल्या. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं. इथलं बोअरचं पाणी जड, ते रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर. गाडी तापली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. मग हेड प्लेनिंगला येतं, दरवेळी थोडं पातळ होतं आणि कॉम्प्रेशन चढतं. तीन-चार उन्हाळे असे काढलेली डॉक्टरांची गरीब गाडी पुढच्या मालकाच्या हातात भलतीच तापट निघायची. आणि त्या वेळच्या पेट्रोलला ती ठोकायची. मग टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे कमावलेला पिकअप परत द्यायचा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नये, हे मी आजही प्रत्येकाला पहिलं सांगतो.

दुसरा उन्हाळी आजार पेट्रोल पंपाचा. हा पंप इंजिनालाच लावलेला असतो, त्याच्या उष्णतेने आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि भर रस्त्यात गाडी बंद. उपाय म्हणजे ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. पुण्याच्या रस्त्याला टेंभुर्णीच्या अलीकडे-पलीकडे असं बसलेल्या फियाट आमच्या पिढीने पुष्कळ पाहिल्यात.

या गाड्या सोलापुरात टिकल्या याची दोन कारणं मला दिसतात. एक, हवा कोरडी. मुंबईची फियाट आणली की तिची जमीन, दारांचे खालचे काठ, बॅटरीखालचा पत्रा खाऱ्या हवेने सडलेला असतो. रंगाखाली पुट्टी असते आणि पुट्टीखाली काहीच नसतं. आमच्या गाडीचा पत्रा अजून मूळचा आहे. दोन, मागांचं गाव. फियाटच्या पुढच्या चाकांना किंगपिन आणि बुश असतात. ग्रीस मारायला आळस केला की ते झिजतात, स्टेअरिंग डगमगतं. तो बुश तसा मागाच्या बुशापेक्षा वेगळा नाही. गनमेटलचा दांडा लेथवर धरा, बाहेरून माप घ्या, दाबून बसवा, आतून रीमर मारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हे करणारे हात पन्नास-शंभर शेडमध्ये होते. कंपनीचा स्पेअर येवो न येवो, आमचं अडत नव्हतं. गिरण्या बंद पडत गेल्या, पुष्कळ यंत्रमागही थांबले, तसे ते हात पुण्याला गेले. आता किंगपिनचा बुश करून घ्यायला बाहेरगावची माणसं माझ्याकडे येतात ती माझ्या कौतुकासाठी नव्हे, दुसरं कोणी सापडत नाही म्हणून.

डिलाइटची पुढे प्रेसिडेंट झाली आणि 1974 च्या सुमारास पद्मिनी. तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी नाही. लोक हळहळले. आमच्यासारख्यांना त्याचा अर्थ वेगळा होता: भंगारात येणारे गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, काचा यांचा ओघ आटला. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात त्या बनल्या, तिथे आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

कायद्याचीही एक गोम आहे. पन्नास वर्षं जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेजची वेगळी नोंद आणि व्हीए अक्षरांची पाटी मिळते. मान मोठा, पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. मी ती नोंद घेतली नाही. दर पाच वर्षांनी फेरपासिंग आणि पर्यावरण कर भरतो. 2022 च्या एप्रिलपासून फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली तेव्हा चरफडलो, तरी भरली. ज्या गाडीच्या ब्रेकचं रबर रोज दबत नाही ते रबर कडक होतं. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते.

अलीकडचा प्रश्न इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर, पेट्रोलची नळी यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, चिरतं. टाकीत पाणी धरलं की तळाला गंज. आणि ते इथेनॉल येतं कुठून? आपल्या जिल्ह्यात तिसाच्या वर साखर कारखाने आहेत. माझ्या मेहुण्याचा ऊस त्यातल्याच एका कारखान्याला जातो. तो म्हणतो, “दाजी, तुमच्या गाडीचा पंप गेला की समजा आमचं बिल निघालं.” मी नळ्या नव्या रबराच्या बसवल्या आहेत, पंपाचा पडदा बदलून घेतला आहे आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो, आत हवा कमी राहावी म्हणून.

हल्ली आयटीतली मुलं पुण्याहून फोन करतात. त्यांना जुनी फियाट किंवा 118 एनई हवी असते, चकचकीत, आणि पहिला प्रश्न किंमत किती. मी त्यांना सांगतो, गाडी बघायच्या आधी मिस्त्री बघा. तुमच्या गावात हेड न वाकवता काढणारा, टॅपेट कानाने लावणारा, बुश करून देणारा माणूस आहे का? असेल तर थोडी सडलेली गाडीसुद्धा घ्या. नसेल तर शोरूमसारखी दिसणारीही घेऊ नका. मग गाडी थंड असताना सुरू करून दाखवा म्हणायचं, कारण गरम इंजिन सगळेच लपवतात. धूर निळा असेल तर रिंगा गेल्या. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवायचं, खेळ असेल तर किंगपिन. गालिचा उचलून जमीन बघायची. बुक आणि चासिस नंबर जुळवायचा. रंगाकडे सगळ्यात शेवटी बघायचं.

बहुतेक मुलं यानंतर परत फोन करत नाहीत. एकाने केला. तो आता महिन्यातून एका शनिवारी येतो. त्याच्याकडे गाडी नाही. मी त्याला आधी लेथवर उभं केलं आहे.