जिंजरबीर : एका पेयाची कुळकथा



त्र्यंबकेश्वरच्या माणसानें जिंजरबीर या विषयावर बोलावें, हें कित्येकांस विलक्षण वाटेल. त्र्यंबक म्हटलें कीं ब्रह्मगिरि, कुशावर्त आणि निवृत्तिनाथांची समाधि डोळ्यांपुढें उभी राहते. तेथें 'बीर' हा शब्द उच्चारणेंही कांहींसें अप्रशस्तच. पण हें पेय एकदां आमच्या घरांत तयार झालें, माझ्या माळकरी आजोबांच्या पोटांत गेलें, आणि त्यांतून एक प्रश्न उत्पन्न झाला. त्याचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. पुढें आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, सेवानिवृत्त झालों, आणि मग सवडीनें त्या प्रश्नाच्या मागें लागलों. आज जें सांगणार आहें, तें त्या शोधाचें फळ होय.

प्रसंग १९७० च्या सुमारासचा. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. माझे मामा देवळालीच्या छावणींत नोकरीस होते. देवळाली ही इंग्रजांची जुनी छावणी. विलायतेस परत जाणारे गोरे शिपाई तेथें बोटीची वाट पाहत महिनेच्या महिने काढीत. त्या रिकामपणानें कित्येकांचें डोकें फिरे. म्हणून वेडसर माणसास 'डूलाली' म्हणण्याचा इंग्रजी प्रघात याच गांवाच्या नांवावरून पडला. तेथील एका म्हाताऱ्या खानसाम्याकडून मामांनीं जिंजरबीरची कृति शिकून घेतली होती. श्रावणांत ते आमच्याकडे आले, आणि बहिणीच्या मुलांना कांहीं नवल दाखवावें म्हणून त्यांनीं आलें, साखर व लिंबें मागविलीं.

पहिली हरकत आली ती आजीची. यांत पावाचें खमीर घालतात हें कळतांच ती म्हणाली, "माझ्या चुलीपाशीं पाववाल्याचें कांहीं चालायचें नाहीं." आजच्या तरुण श्रोत्यांस या बोलण्याचें हसूं येईल, परंतु त्यामागें शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास होता. मुंबईंत १८४९ सालीं परमहंस सभा स्थापन झाली, तेव्हां सभासद होणाऱ्यास पाव खाऊन आपली निष्ठा सिद्ध करावी लागे. पुण्यास १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांनीं चहा घेतला, तर त्या एका पेल्यापायीं टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. काय खाल्लें याहून कोणाच्या हातचें खाल्लें, याचाच आमच्या समाजाला धाक मोठा. आजी त्या काळाची शेवटची साक्षीदार होती.

मामा हुशार होते. ते म्हणाले, "पाववाला नको, आल्याचेंच विरजण लावूं." त्यांनीं साल न काढतां आलें किसलें, त्यांत साखर व निवविलेलें पाणी घातलें, आणि रोज चमचाभर आलें व चमचाभर साखर त्यांत टाकीत राहिले. आठवड्यानें त्यावर बुडबुडे दिसूं लागले. हें विरजण आजीला पटलें. कारण दह्याच्या कवडीनें दूध लागतें हें तिला कोणी शिकवावयास नको होतें.

आतां या पेयाच्या मूळ गांवाकडे वळूं. आलें हें मूळचें आशियांतील, आणि त्याचें इंग्रजी नांवही आपल्याच देशांतून गेलेलें आहे. संस्कृतांत आल्यास 'शृंगवेर' म्हणतात. तो शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून ग्रीकांत, तेथून लॅटिनांत व शेवटीं इंग्रजींत जाऊन 'जिंजर' झाला. विलायतेच्या थंडींत आलें पिकत नाहीं. तेथें तें बहुधा सुंठीच्या रूपानें जाई. साखर वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या घामांतून येई. म्हणजे ज्या पेयास इंग्रज माणूस आपलें घरगुती पेय म्हणे, त्यांतील पाणी तेवढें त्याच्या घरचें होतें!

अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हें पेय इंग्लंडांत रूढ झालें. सुंठ, साखर व लिंबू पाण्यांत उकळावयाचें, निवल्यावर खमीर घालावयाचें, आणि चिनी मातीच्या जाड बाटल्यांत भरून बुचें सुतळीनें आवळून बांधावयाचीं, अशी ती कृति. पुढें लंडनच्या रस्त्यांवर त्याचे फेरीवाले झाले. १८५१ च्या सुमारास हेन्री मेह्यू यानें लंडनमधील गरिबांच्या जीवनाची जी पाहणी प्रसिद्ध केली, तींत जिंजरबीर विकणाऱ्यांचेंही वर्णन आहे. याच सुमारास इंग्लंडांत मद्यपाननिषेधाची चळवळ जोरांत होती. दारूच्या गुत्त्यापासून मजुरास दूर ठेवावयाचें, तर त्याच्या हातांत दुसरें कांहीं चरचरीत पेय दिलें पाहिजे; तें काम जिंजरबीरनें केलें. 'बीर' म्हणविणारें हें पेय दारूबंदीवाल्यांचें लाडकें व्हावें, ही इतिहासांतील एक गंमतच होय.

या पेयाचे बुडबुडे कोठून येतात, हें पुष्कळ दिवस कोणास नीट ठाऊक नव्हतें. लुई पाश्चर यानें १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनीं आंबणें हें सूक्ष्म जीवांचें कार्य आहे असें दाखविलें. इंग्लंडांत अनेक घरीं जिंजरबीरसाठीं एक पांढुरकें, दाणेदार विरजण ठेवीत. भिजलेल्या साबुदाण्यासारखें तें दिसे, आणि शेजारीण शेजारणीस तें देई. लोक त्यास 'जिंजरबीरचें रोप' म्हणत. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचा अभ्यास करून १८९२ सालीं निबंध प्रसिद्ध केला. तें रोप नव्हेच. एक खमीर व एक जीवाणु यांची ती जोडी होती. दोघे एकमेकांस धरून राहतात. वॉर्डनें त्यांना वेगळें केलें, आणि पुन्हां एकत्र आणून तेंच विरजण बनवून दाखविलें. हा वॉर्ड पूर्वी सिंहलद्वीपांत कॉफीच्या तांबेरा रोगाचा शोध घेण्यास आलेला होता. आमच्या मामांच्या बरणींतील मंडळी नेमकी तीच नव्हती. ती आल्याच्या सालीवरून आलेली होती. पण काम तेंच : साखर खावयाची, आणि तिचा वायु व मद्यार्क करावयाचा.

हा 'मद्यार्क' शब्द ध्यानांत ठेवा; आजोबांचा प्रश्न त्याच्याशींच निगडित आहे.

बुडबुड्यांचा दुसरा मार्ग यंत्राचा. जोसेफ प्रीस्टली यानें पाण्यांत वायु मुरविण्याची रीति १७७२ सालीं प्रसिद्ध केली. १८७२ सालीं हायरम कॉड यानें गोटीच्या बाटलीचें पेटंट घेतलें. आंतील वायूच्या दाबानेंच गोटी तोंडाशीं घट्ट बसते, बूच लागत नाहीं. आपल्याकडे जिंजर आलें तें मुख्यतः या मार्गानें, आणि तें आणण्याचें श्रेय बव्हंशीं पारशी व इराणी मंडळींचें. मुंबईचे पालनजी १८६५ चे, पुण्याच्या लष्करांतील अर्देशीर १८८४ चे, आणि मुंबईचा ड्यूक्स १८८९ चा. ड्यूक्स पुढें पेप्सी कंपनीकडे गेला. सोडा, लेमन, जिंजर, रासबेरी हे शब्द त्या काळीं मराठींत इतके मुरले कीं, एस्. टी. स्टँडवरचा पोऱ्याही ते एका दमांत म्हणे. परंतु कारखान्यांतील जिंजरांत वायु बाहेरून भरतात. तेथें आंबविण्याची गरज राहत नाहीं, आणि म्हणून मद्यार्काचा प्रश्नही उठत नाहीं. घरचें जिंजर निराळें, तें या ठिकाणीं.

पुनः आमच्या घराकडे येऊं. मामांनीं आल्याचा काढा साखर घालून उकळला, निवविला, लिंबू पिळलें, विरजण घातलें व बरणीस फडकें बांधलें. श्रावणांतल्या त्र्यंबकांत ब्रह्मगिरि दिवसचे दिवस ढगांतून बाहेर येत नाहीं. भिंतींना ओल येते, घोंगडी वाळत नाहीं. त्या गारठ्यांत बरणी निपचित पडून राहिली. विरजण मेलें असें समजून मामांनीं आणखी साखर घातली, आणि रस औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, बुचें आवळून, बाटल्या चुलीजवळ ठेवल्या. चूक झाली ती येथें. विरजण मेलें नव्हतें. थंडीनें तें सुस्त झालें होतें. ऊब आणि साखर मिळतांच तें नेटानें कामाला लागलें.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं पहिली बाटली उघडली. आजोबांना खोकला होता. आल्याचें सरबत म्हणून त्यांनीं दोन पेले घेतले व तोंड भरून स्तुति केली. इतक्यांत शेजारचे एक गृहस्थ आले. ते म्हणाले, "वा! जिंजरबीर वाटतें!" आजोबांनीं पेला खालीं ठेवला. त्यांचा हात गळ्यांतील तुळशीच्या माळेकडे गेला. त्यांनीं मामांस विचारलें, "ही दारू आहे काय?" मामांनीं हसून वेळ मारून नेली. तेव्हां आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तूं शाळेंत जातोस. शोध करून मला खरें काय तें सांग."

त्याच रात्रीं बंदुकीसारखा आवाज झाला. चुलीजवळच्या दोन बाटल्या फुटल्या. कांचेचा एक तुकडा जवळ निजलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या गालांत शिरला. डोळा दोन बोटांनीं वांचला. त्या जखमेचा वण अद्याप आहे. मामा पहाटेपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसले होते. त्यानंतर त्यांनीं या पेयाचें नांव काढलें नाहीं. आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं उपवास केला. रागावले कोणावरच नाहींत.

इंग्रज गृहिणी मातीची जाड बाटली कां वापरीत, आणि बूच सुतळीनेंच कां बांधीत, हें मला त्या रात्रीचा विचार करतांना फार उशिरां उमगलें. आंतील दाबानें बूच उडूं नये म्हणून सुतळी, आणि बाटली फुटूं नये म्हणून जाड माती, अशी ती योजना होती. मामांच्या हातीं कृति आली होती. तिच्यामागचें शहाणपण वाटेंत कोठें तरी गळून पडलें होतें. ज्यांस घरीं हें पेय करावयाचें असेल, त्यांनीं एवढें पाळावें : चार लिटर पाण्यास शंभर ग्रॅम आलें, चारशें ग्रॅम साखर, दोन लिंबें व पाव चमचा खमीर पुरें. एक दिवस फडक्याखालीं ठेवून गाळावें. कांचेची बाटली वापरूं नये. प्लास्टिकची घ्यावी व चार बोटें रिकामी ठेवावी. बाटली दाबून पाहावी. ती कठीण लागली कीं लगेच शीतकपाटांत ठेवावी आणि दोन-चार दिवसांत संपवावी. वरून साखर कदापि घालूं नये.

आतां आजोबांचा प्रश्न. तो भाबडा वाटतो, पण खुद्द सर्वोच्च न्यायालयापुढें तो आलेला होता. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालीं झाला. त्यांत ज्या कोणत्याही द्रवांत मद्यार्क असेल त्या सर्वांस 'दारू' म्हटलें आहे. मग औषधें, अत्तरें यांचें काय? एफ्. एन्. बलसारा यांच्या खटल्यांत १९५१ सालीं न्यायालयानें ती व्याख्या कायम ठेवली. परंतु मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनें बाळगण्या-वापरण्यावरील बंदी रद्द केली. एकच द्रव्य, पण तें कशासाठीं घेतलें यावरून त्याचा न्याय वेगळा.

आपल्या जुन्या शास्त्रांसही हा विषय अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं 'किण्व' म्हणजे खमीर कसें करावें हें सांगितलें आहे. आणि आयुर्वेदांतील आसवें व अरिष्टें ही त्याच आंबविण्याच्या क्रियेचीं अपत्यें होत. त्यांच्या बाटलीवर स्वयंनिर्मित मद्यार्काचें प्रमाण आज छापलेलें असतें. आमचे आजोबा खोकल्यावर वैद्यांच्या सांगण्यावरून दरसाल हिवाळ्यांत द्राक्षासव घेत. त्यांत असणारा मद्यार्क दोन-तीन दिवसांच्या जिंजरबीरमधल्यापेक्षां कितीतरी अधिक. पण त्याच्या नांवांत 'बीर' नव्हतें, म्हणून त्यांच्या माळेस कधीं धक्का बसला नाहीं.

आजोबांनीं मरणापूर्वीं आणखी दोनदां मला विचारलें, "सांपडलें कां रे?" मी "नाहीं" म्हणालों. आज सांपडलें आहे. आजोबा, त्यांत मद्यार्क होता. थोडा होता, पण होता. मामा हसले तें बरोबर नव्हतें. कायद्याच्या व्याख्येनें ती दारू. आणि आपण मात्र सरबत म्हणून घेतलीत. माळ तुटली कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार इतिहासाच्या मास्तरास नाहीं. पण आपण जें विचारलें होतें, तें माळेविषयीं नव्हतेंच. खरें काय तें सांग, एवढेंच आपण म्हणालां होतां.

तें पन्नासांहून अधिक वर्षांनीं सांगितलें.