पुरुषाची हाडे आणि पौरुषाचा अर्क

१ जून १८८९, पॅरिस. बहात्तर वर्षांचे ख्यातनाम शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार भर सभेत सांगतात की कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःलाच टोचून घेतला आहे. जिने चढण्याचा दम परतला, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येऊ लागले, लघवीची धारही अधिक लांब जाऊ लागली. (होय, ती त्यांनी मोजली होती!)

वास्तविक त्या पाणीदार अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतेच. गुण आला तो श्रद्धेचा. कल्पना मात्र रुजली: वार्धक्य म्हणजे एका द्रव्याची उणीव, ती भरून काढली की झाले.

१९३५ साली ते द्रव्य हाती आले. ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या चमूने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे काढले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत घडवले.

हाडांचा प्रश्न पुढे आला तो स्त्रियांमुळे. १९४०च्या सुमारास बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ होणाऱ्या मणक्यांचा संबंध इस्ट्रोजेनच्या अभावाशी जोडला. त्यातून सोयीची वाटणी रूढ झाली. बाईच्या हाडांचे रक्षण इस्ट्रोजेनकडे, पुरुषाच्या हाडांचे टेस्टोस्टेरॉनकडे. अस्थिसुषिरता हा 'बायकांचा आजार' ठरला. प्रत्यक्षात खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांतच अधिक आहे.

ही वाटणी १९९४ साली एका रुग्णाने मोडली. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती! टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, तरी हाडे सच्छिद्र. त्याच्या पेशींतील इस्ट्रोजेनचे ग्राहक जन्मतः निकामी होते. म्हणजे पुरुषाचे हाडही इस्ट्रोजेनवर विसंबून असते, आणि ते त्याच्या देहात टेस्टोस्टेरॉनपासूनच बनते. मला तरी या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

मग वृद्धांना टेस्टोस्टेरॉन दिले तर दोन्ही साधेल? २०१७च्या अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांपुढील पुरुषांना वर्षभर जेल लावल्यावर मणक्यांची घनता वाढली. आशा पल्लवित झाल्या. परंतु घनता यंत्रावर दिसते. हाड मोडते की नाही, हे हजारो माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावरच कळते.

ते २०२४ साली कळले. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले ४५ ते ८० वयाचे ५,२०४ पुरुष. औषध घेणाऱ्यांपैकी ३.५० टक्क्यांची हाडे मोडली, नुसते जेल लावणाऱ्यांपैकी २.४६ टक्क्यांची. घनता वाढवणाऱ्या औषधाने अस्थिभंग का वाढावेत, याचे उत्तर संशोधक अजून शोधत आहेत.