मराठी शालेय व्याकरणातील नकारदर्शक उपसर्ग

प्राथमिक शाळेच्या मराठी पुस्तकात विरुद्धार्थी शब्दांचा पाठ बहुधा असतोच. ज्ञान–अज्ञान, हजर–गैरहजर, पसंत–नापसंत अशा जोड्या मुले मुखोद्गत करतात आणि ‘अ’, ‘गैर’, ‘ना’ हे उपसर्ग नकार दाखवितात एवढा नियम त्यातून शिकतात. हा नियम दिसतो तितका सरळ नाही. त्यात भिन्न काळांतील भिन्न परंपरा एकत्र आल्या आहेत. त्या कशा आल्या, हे पाहणे अध्यापनाच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरावे.

प्रथम ‘अ’ चा विचार करू. पाणिनीय परंपरेत ‘प्र’, ‘परा’ इत्यादी बावीस शब्दांना, ते क्रियेशी संबद्ध असता, उपसर्ग म्हणतात. ‘निर्’, ‘दुर्’, ‘वि’ आणि ‘अप’ त्यांत येतात. ‘अ’ येत नाही. ‘अज्ञान’ मधील ‘अ’ हे ‘नञ्’ या निषेधार्थक अव्ययाचे समासातील रूप होय. त्यातील नकाराचा लोप होऊन ‘अ’ उरतो, आणि पुढे स्वर असल्यास ‘अन्’ होतो. म्हणून ‘अयोग्य’ परंतु ‘अनुचित’. म्हणजे आपण ज्याला उपसर्गांत पहिला मान देतो, तो मूळ शास्त्राप्रमाणे उपसर्गच नव्हे.

मराठीने हा ‘अ’ केवळ तत्सम शब्दांपुरता ठेवला नाही. ‘अचूक’, ‘अजाण’, ‘अबोल’, ‘अपुरा’ असे शब्द तिने घडविले. ‘बिनचूक’ व ‘निनावी’ यांचीही भर घातली. पुढे मुसलमानी राजवटींच्या काळात दरबार व दप्तर यांच्या वाटेने ‘बे’, ‘ना’, ‘गैर’, ‘ला’ हे फारसी-अरबी उपसर्ग आले. प्रारंभी ते ‘बेइमान’, ‘गैरहजर’, ‘लाचार’ अशा तयार शब्दांतून आले. परंतु लवकरच ते घरच्या शब्दांनाही जडले. ‘नापीक’, ‘गैरसमज’, ‘गैरसोय’, ‘बेसावध’ हे शब्द पाहावेत. ‘सावध’ संस्कृत, ‘बे’ फारसी आणि जोडणी मराठी. शिवकालीन राजव्यवहारकोशाने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे प्रसिद्धच आहे. तथापि शेतकऱ्याच्या जमिनीला ‘नापीक’ म्हणणे कोणी सोडले नाही.

शालेय व्याकरणाची घडण एकोणिसाव्या शतकातील. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये निघाले. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आले, आणि बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘बालव्याकरण’ही त्याच काळातले. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही व्याकरणांचे वळण या शालेय परंपरेला लागले. मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या सर्व परंपरेची विस्तृत चिकित्सा केली. शब्दाच्या आरंभी जे जोडले जाते तो उपसर्ग, हा व्यापक अर्थ पुढे रूढ झाला. त्याचा परिणाम असा की, शालेय पुस्तकांत ‘अ’ उपसर्गांच्या यादीत येतो आणि नञ् तत्पुरुष समासातही येतो. इतकेच नव्हे, तर ‘नापसंत’ व ‘गैरहजर’ हेही नञ् तत्पुरुषाची उदाहरणे म्हणून दिले जातात. पाणिनीच्या संज्ञेने फारसी शब्दाला असे आपल्या घरात घेतले!

या एकीकरणात वावगे काही नाही. वावगे आहे ते विद्यार्थ्याकडून उगमानुसार याद्या पाठ करून घेणे. दहा वर्षांच्या मुलाला ‘बे’ फारसी आहे हे कळल्याने ‘बेसावध’ चा अर्थ अधिक कळत नाही. उलट अर्थाच्या बाजूने प्राचीनांनी केलेला विचार दुर्लक्षित राहतो. त्यांनी नञ् चे सहा अर्थ मानले : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, तर विरोध. ‘अमूल्य’ म्हणजे किंमत नसलेले असे मूल सांगते, तेव्हा त्याने नियम चुकविलेला नसतो. नियमच अपुरा असतो. तसेच ‘अनेक’ मध्ये ‘अन्’ आहे, ‘अनुभव’ मध्ये ‘अनु’ आहे आणि ‘अनाथ’ मध्ये केवळ ‘अ’. हा भेद शब्द फोडून पाहिल्यावाचून उमगत नाही.

या भेदाचे महत्त्व व्याकरणापुरते नाही. वेदान्तात ‘अविद्या’ म्हणजे तत्त्वाविषयीचे अज्ञान. महात्मा फुले यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये तोच शब्द शूद्रांच्या दुर्दशेचे मूळ म्हणून योजिला, तेव्हा त्याचा अर्थ विद्येपासून वंचित असणे असा झाला. ‘अस्पृश्य’ या शब्दातील नकारही त्या माणसाचा गुण सांगत नाही. इतरांनी घातलेली बंदी सांगतो. 1950 मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने ती बंदी नष्ट केल्याचे घोषित केले. ‘अ’ म्हणजे ‘नाही’ एवढेच शिकलेल्या मुलाला हा भेद दिसणार नाही.

तेव्हा प्राथमिक वर्गात उगमाची वर्गवारी मागे ठेवावी, शब्द फोडावा आणि एकच प्रश्न विचारावा : येथे काय नाही, आणि ते कोणी नाकारले? उगमाचा इतिहास वरच्या वर्गांत यथावकाश येईल. तोपर्यंत नकाराचा अर्थ मुलाच्या हाती आलेला असेल.