कोपऱ्यातली खुर्ची

इतिहास हा माझा प्रांत नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी बालवाडीतली, आणि कादंबऱ्या लिहिते त्या मुले घरी गेल्यावर. तरीही हा लेख इतिहासाचाच आहे, आणि त्याला निमित्त झाला एक चार वर्षांचा मुलगा.

एके दिवशी फळीवरचा खडूचा डबा काढण्यासाठी मी हात वर केला. शेजारी उभ्या असलेल्या त्या पोराने झटकन मान खांद्यांत घातली आणि दोन्ही गाल तळव्यांनी झाकून घेतले. आठवड्यापूर्वी मी त्याला चापट मारली होती. अपराध काय, तर शेजारणीच्या डब्यात पाणी ओतले. तेच त्याने आदल्या दिवशीही केले होते, आणि तेव्हा मी हसले होते. आदल्या दिवशी माझे डोके दुखत नव्हते, एवढाच काय तो फरक! मार तो विसरलाही असता. पण बाई आज हसतील की मारतील, हे कळेनासे झाल्यावर त्याने काय करावे?

त्या रात्री मॉन्टेसोरीबाईंचे पुस्तक पुन्हा काढले. आपल्याकडे मॉन्टेसोरी हा शाळेच्या पाटीवरचा एक शब्द होऊन बसला आहे. त्यामागची हकीकत मात्र मोठी खडबडीत आहे. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची कामकऱ्यांची वस्ती होती. तिथल्या मोडकळीस आलेल्या चाळी एका कंपनीने दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि नव्या रंगवलेल्या भिंती खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठी ६ जानेवारी १९०७ रोजी चाळीतच 'बालगृह' उघडले गेले. म्हणजे मुळात हेतू भिंती वाचवण्याचा! नियमांत एक कलम असेही होते की, जे मूल सुधारण्यापलीकडचे ठरेल त्याला काढून टाकावे.

बाई स्वतः डॉक्टर. दुसऱ्यांना त्रास देणाऱ्या मुलाला त्या आधी तपासून घेत. दुखणेखुपणे नाही असे दिसले, की मग कोपऱ्यात एक लहानसे टेबल मांडले जाई. मुलाला छोट्या आरामखुर्चीत बसवीत, तेही भिंतीकडे तोंड करून नव्हे. इतर मुले काम करताना त्याला दिसतील असे. त्याची आवडती खेळणी त्याच्यापुढे ठेवीत. आणि खोलीत आल्या की बाई प्रथम त्याच्याकडे जात, आजाऱ्याची विचारपूस करावी तशी त्याची करीत, आणि मग इतरांकडे वळत. १९०९ साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

मला विचाराल तर तीही शिक्षाच होती. बाईंचे भक्त हे मान्य करणार नाहीत. पण चार वर्षांच्या जिवाला सवंगड्यांतून उठवणे हे काही बक्षीस नव्हे. मात्र त्या शिक्षेत रागाला जागा नव्हती. आज खुर्ची, उद्या हसू, परवा चापट, असा लहरीचा कारभार नव्हता.

हा विचार आपल्याकडे आणणाऱ्यांत एक वकीलही होते. गिजुभाई बधेका यांना १९१३ मध्ये मुलगा झाला. त्याला वाढवायचे कसे, या विवंचनेतून ते मॉन्टेसोरीपर्यंत पोहोचले. पुढे वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर उभे राहिले. लोक त्यांना 'मिशाळ आई' म्हणत. मारकुट्या पंतोजींच्या त्या काळात ही पदवी काही लहान नव्हे.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. (आता तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.) अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. हरिजनवस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला वारल्यांची मुले गुरांमागे जाऊ लागली, तर शाळाही कुरणात गेली. गंमत अशी की कुरणात छडी निरुपयोगी! उगारा, की पोर गुरांमागे टेकडीपलीकडे पसार. तिथे मुलाला धरून ठेवणारे एकच असते: काल आलेल्या बाई आजही येतात, आणि कालच्यासारख्याच असतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारण्याला बंदी केली. परंतु त्या कायद्यातले बालक सहा ते चौदा वर्षांचे. माझी बालवाडीतली पोरे त्या व्याख्येत बसतच नाहीत. असो.

मीही कोपऱ्यात एक खुर्ची मांडली. पहिल्या दिवशी फजिती झाली. पुढ्यातली खेळणी पाहून पाच-सहा जणांनी त्या खुर्चीत बसायचा हट्ट धरला, आणि दोघांनी त्यासाठी मुद्दाम पाणी सांडले. रोमच्या पुस्तकात हे कुठे आढळले नव्हते! मी तसे करणाऱ्या प्रत्येकाला पाळीपाळीने बसवले. चौथ्या दिवशी खुर्चीची नवलाई ओसरली. त्या मुलाने पुन्हा डब्यात पाणी ओतले, मी त्याचा हात धरून त्याला नेऊन बसवले, जवळ टेकले, आणि काही बोलले नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी माझे डोके दुखत होते.

असे महिनाभर चालले. आता पाणी आठवड्यातून एखादे वेळी सांडते. सांडले की तो माझ्याकडे पाहतो आणि स्वतःच खुर्चीकडे चालू लागतो. पण माझा हात वर गेला की त्याची मान अजूनही किंचित आत जाते. खडूचा डबा मी आता खालच्या फळीवर ठेवते.