तळटीप : ‘टी-१’
१. ‘तीनचाकी’ म्हटल्यावर रत्नागिरीच्या बाजारपेठेत हाताने फिरवायची अपंगांची गाडी डोळ्यांपुढे येते. इथे ती अभिप्रेत नाही. ही पायांनीच मारायची, मागे दोन चाकांची शर्यतीची सायकल. सेरेब्रल पाल्सीमुळे स्नायू ताठरतात, हालचालींचा मेळ बसत नाही किंवा त्या आपोआप होत राहतात. त्यामुळे ज्यांना दुचाकीवर तोल सावरत नाही, त्यांच्यासाठी पॅरा-सायकलिंगमध्ये टी-१ आणि टी-२ हे वर्ग आहेत. टी-१मध्ये बाधा अधिक. तोल सावरणारे सी-१ ते सी-५मध्ये येतात. तिथेही आकडा लहान तितकी बाधा मोठी.

वर्ग निदानावरून ठरत नाही, हे वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावे. तपासणारे स्नायूंचा ताण, समन्वय पाहतात, सायकल चालवतानाही निरखतात. म्हणूनच सेरेब्रल पाल्सी असलेली आणि पाय गमावलेली व्यक्ती एकाच वर्गात येऊ शकते. भंडाऱ्याची ज्योती गडेरिया 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सी-१ ते सी-३च्या एकत्रित शर्यतींत उतरली. तिने अपघातात पाय गमावला होता. अशा एकत्रित वेळ-शर्यतीत वर्गानुसार गुणक लावून वेळ मोजतात. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ ज्यांनी सायकलने चढला आहे, त्यांना या गुणकाची गरज वेगळी सांगायला नको.