चेहरा कुणाचा? डेव्हिड बोवी आणि रेकॉर्डचं कव्हर



'अल्बम' हा शब्द आपण गाण्यांसाठी वापरतो, पण तो मुळात चिकटवहीचा. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावत. त्यामुळे मोठी रचना चार-पाच तबकड्यांत विभागायची आणि त्या पुठ्ठ्याच्या बांधीव पुस्तकात खोचून विकायच्या, अशी रीत होती. म्हणून अल्बम. बाहेरून बहुधा करडा किंवा तपकिरी, वर नुसतं नाव. १९३९ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस हा बाविशीतला कलाकार रुजू झाला आणि त्याने या पुठ्ठ्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. पुढे १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली, आणि काही वर्षांत बारा इंची चौकोन स्थिरावला. दुकानात गाणं कानावर पडण्याआधी डोळ्यांना भेटायचा तो हा फूटभर चौकोन.

साधारण समजूत अशी, की आत एक कलावंत आहे आणि कव्हर म्हणजे त्याची ओळखपरेड. मला हे उलट वाटतं. पॉप संगीतात पुष्कळदा माणूस आधी कव्हरवर घडतो. बोवीइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

जन्म ८ जानेवारी १९४७, लंडनच्या ब्रिक्स्टन भागात. नाव डेव्हिड जोन्स. 'मंकीज' या बँडमधल्या डेव्ही जोन्सशी गल्लत होऊ नये म्हणून त्याने आडनाव बदललं. म्हणजे सुरुवातच ओळखीच्या घोटाळ्यातून. १९६७ आणि १९६९ अशा दोन वर्षी इंग्लंडमध्ये त्याच्या दोन एलपी आल्या, दोन्हींचं नाव 'डेव्हिड बोवी', दोन्हींवर चेहरा. तरी या माणसाला कोणत्या खणात ठेवायचं ते काही ठरेना!

मग आली 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'. अमेरिकेत १९७० च्या अखेरीस ती निघाली तेव्हा कव्हरवर व्यंगचित्र होतं: काउबॉयची टोपी घातलेला, बंदूक घेतलेला एक माणूस आणि मागे मनोरुग्णालयाची इमारत. १९७१ मध्ये ती इंग्लंडमध्ये निघाली, तेव्हा कव्हरवर लांब केसांचा बोवी कोचावर पहुडलेला, अंगात मायकेल फिश या शिंप्याने पुरुषांसाठी म्हणून शिवलेला झगा. गाणी तीच, आवाज तोच. पण हे दोन चौकोन शेजारी ठेवून बघा, आत दोन वेगळी माणसं गात असावीत असं वाटेल.

पुढच्याच वर्षी 'झिगी स्टारडस्ट'. जानेवारी १९७२ मधली थंड रात्र, रीजंट स्ट्रीटमागची हेडन स्ट्रीट नावाची गल्ली. ब्रायन वॉर्डने फोटो काढला कृष्णधवल, टेरी पास्टरने तो नंतर रंगवला. त्यात बोवी केवढासा आहे! डोक्यावर 'के. वेस्ट' या फरच्या कंपनीची पाटी, बाजूला खोकी. परग्रहावरून उतरलेला तारा, आणि उतरला कुठे, तर दुकानांच्या मागच्या बाजूला. चेहरा मोठा केला असता तर ही कल्पना मेली असती.

चेहरा मोठा झाला तो १९७३ च्या 'ॲलडिन सेन'वर. ब्रायन डफीच्या स्टुडिओतला फोटो, पिएर लारोशचा मेकअप, मिटलेले डोळे, तांबडे केस आणि चेहऱ्यावरून गेलेली लाल-निळी वीज. स्टुडिओत नॅशनल पॅनासॉनिकचा भाताचा कुकर होता, त्यावरच्या चिन्हावरून ही वीज सुचली, असं सांगितलं जातं. (भाताच्या कुकरवरून! आपल्या घरांत इतके कुकर, कुणाला काही सुचलं नाही.) गळ्याच्या हाडावरचा पाण्याचा थेंब फिलिप कॅसलने एअरब्रशने काढला. छपाईपूर्वीची प्रिंट डाय ट्रान्सफर या महागड्या पद्धतीची. मॅनेजर टोनी डेफ्रीजचा हिशेब व्यवहारी होता: कव्हरवर कंपनीचा इतका पैसा अडकवायचा की जाहिरात केल्यावाचून तिला गत्यंतर उरू नये.

इथे जरा थांबू या. आज बहुतेकांना ही वीज म्हणजेच झिगी वाटते. ती झिगीच्या कव्हरवर नाही. आणि बोवीने ती तशी रंगवून रंगमंचावर मिरवलीही नाही. ती त्या फोटोपुरती होती. जगाने ज्याला बोवीचा चेहरा मानलं, तो चेहरा घेऊन बोवी कधी वावरलाच नाही.

मग तो खोटा का? इंग्रजीतला 'पर्सन' लॅटिन 'पर्सोना'वरून आला, म्हणजे नटाचा मुखवटा. मुखवटा म्हटला की त्यामागे खरा चेहरा असणार, हे आपण गृहीत धरतो. आपला शब्द 'व्यक्ती'. त्याचा मूळ अर्थ प्रकट होणं, दिसू लागणं. त्यात मागे कुणी लपलेलं नाही. कव्हरवरचा बोवी समजून घ्यायला मला आपला शब्द जास्त सोयीचा वाटतो. तो तिथे लपलेला नाही, तिथे व्यक्त झालेला आहे.

याची कसोटी लागली २०१३ मध्ये. मधली कव्हरं मी सोडतो, फक्त १९७७ च्या 'हीरोज'चं सांगतो. मासायोशी सुकिताने काढलेला कृष्णधवल फोटो, हात विचित्र कोनात उचललेले. दीर्घ शांततेनंतर 'द नेक्स्ट डे' जाहीर झाला, तेव्हा जॉनथन बार्नब्रुकने नवा फोटो वापरलाच नाही. तेच जुनं कव्हर घेतलं, जुन्या नावावर काट मारली आणि चेहऱ्यावर पांढरा चौकोन ठेवून त्यात नवं नाव लिहिलं. चेहरा झाकला, तरी कुणाला ओळखायला अडचण आली नाही. जॉन लॉक म्हणाला होता, माणूस तोच राहतो तो स्मृतीमुळे. पण त्याला ज्याची त्याची स्वतःची स्मृती अभिप्रेत होती. इथे स्मृती खरेदीदारांची आहे. बोवीची ओळख टिकवण्याचं काम दुसऱ्यांच्या डोक्यात चालू होतं. हे मला थोडं भीतिदायकही वाटतं, कारण तिच्यावर त्याची मालकी कितीशी उरली?

८ जानेवारी २०१६ रोजी, एकोणसत्तराव्या वाढदिवशी, 'ब्लॅकस्टार' आला. पुन्हा बार्नब्रुक. चेहरा नाहीच. एक तारा, खाली ताऱ्याचे तुकडे, आणि ते जुळवले की 'बोवी' वाचता येतं. एलपीच्या पुठ्ठ्यात ताऱ्याच्या आकाराचं भोक, त्यातून आतली काळी तबकडी दिसते. दोन दिवसांनी बोवी गेला. त्याच वर्षी बार्नब्रुकने त्या डिझाइनचे घटक चाहत्यांना विनाव्यापारी वापरासाठी खुले केले.

ब्रिक्स्टनला भुयारी रेल्वेच्या स्टेशनासमोर एका भिंतीवर २०१३ पासून बोवीचं चित्र आहे. तो गेला त्या आठवड्यात लोकांनी तिथे फुलांचा ढीग घातला. भिंतीवरचा चेहरा डफीच्या स्टुडिओतला, विजेचा आहे.

तो फोटो पडद्यावर असू द्या, आणि आता प्रश्न घेऊ.